निरग्नी महाराजांचा भात

गुरुवारी दुपारी निरग्नी महाराजांच्या मठात पाय ठेवायला जागा नसायची. एक्सरचे वाडीवाले, वझिऱ्याचे दुकानदार, बोरिवली स्टेशनाजवळच्या चाळींत नव्याने राहायला आलेले कारकून आणि त्यांच्या बायका, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आलेल्या गोराईच्या कोळणी, सगळ्यांचे डोळे एका घंगाळावर खिळलेले असत. घंगाळ तांब्याचं, दोघांनी मिळून उचलावं एवढं. त्यात मधोमध पितळेचं पातेलं, पातेल्यात तांदूळ आणि पाणी. पातेल्याच्या भोवती घंगाळाच्या काठापर्यंत पांढऱ्या खड्यांचं भस्म. खाली चूल नाही, निखारा नाही, काडी ओढल्याचा मागमूस नाही.

महाराज व्याघ्रचर्मावर बसत. चर्म मांजरपाटाचं होतं आणि पट्टे रंगवलेले होते. पण वाघ कोणता हे विचारायला तिथे कोण आलं होतं? आवाज मात्र खरा, खर्जातला आणि गोड.

"बाळांनो, अग्नी हा माझा गडी आहे," ते सांगत. "मी त्याला म्हटलं, किती जन्म चुलीत राबशील? गुरुवारची सुट्टी घे. पण भात शिजला पाहिजे हं. तो म्हणाला, महाराज, मी दिसणार नाही, पण काम करीन."

मग ते कमंडलूतून भस्मावर तीर्थ ओतत. क्षणभर काही होत नसे. मग भस्मातून सूं असा आवाज निघे, खडे तडकत, वाफेचा लोट उठे आणि पातेल्यातलं पाणी खदखदू लागे. बायका हात जोडत, म्हातारे डोळे पुसत. महाराज झाकण ठेवून प्रवचन सुरू करत आणि ते संपेपर्यंत भात तयार. तो प्रसाद घेतला की ताप उतरतो, सांधे सुटतात, मूल होतं. अट एकच. प्रसाद सुरू असताना डॉक्टरचं औषध बंद. "डॉक्टरची गोळी म्हणजे विलायती आग," महाराज म्हणत. "पोटात विस्तव ठेवलात तर ताप जाईल कसा?"

त्या गुरुवारी गर्दीत सुहासिनीही बसली होती. मुलींच्या शाळेत ती शास्त्र शिकवायची. मठात ती पहिल्यांदाच येत होती, आणि नमस्कार करायला आलेली नव्हती. तिची धाकटी बहीण माणिक हाच भात खाऊन गेली होती.

माणिकला विषमज्वर झाला होता. डॉक्टरांनी नव्याने निघालेल्या कॅप्सूल दिल्या, घट्ट अन्न पूर्ण बंद ठेवायला सांगितलं, आणि ताप उतरणीला लागला. तेवढ्यात माणिकचा नवरा मार्तंड मठातून प्रसाद घेऊन आला. त्याची एक्सरला भाजीची मोठी वाडी होती. माणसं हाताळण्यात हुशार, इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला आणि महाराजांपुढे अगदी लहान मूल. त्याने कॅप्सूल बंद केल्या आणि बायकोला स्वतःच्या हाताने भात भरवला. ताप पुन्हा चढला, तसा पुन्हा भरवला. मग एका दुपारी माणिकचं पोट लाकडासारखं कडक झालं. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आतड्याला आधीच जखमा होत्या, ते फुटलं, एवढंच ते म्हणाले आणि बॅग उचलून गेले.

सुहासिनीचे वडील अण्णा पोलीस चौकीत जाऊन आले. प्रसाद देणं हा गुन्हा होत नाही, असं तिथल्या माणसाने त्यांना नीट समजावून सांगितलं. अण्णा परत आले आणि ओटीवर बसून राहिले. सुहासिनी मात्र त्या दिवसापासून रडायची थांबली. त्या माणसाला खाली ओढायचं, आणि तो जिथे सर्वांत उंच बसला असेल तिथून ओढायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं. दुःखाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. रागाचं काय करायचं ते कळत होतं.

म्हणून ती मठात येऊन बसली होती. वाफ उठली तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटले आणि तिने श्वास ओढून घेतला. वास ओळखीचा होता. दिवाळीच्या आधी भिंतींना लावायला अंगणात पिंपात चुना भिजत घालतात, त्याचा वास. तिने मान वळवून मठाकडे पाहिलं. भिंती पांढऱ्याशुभ्र. तुळशीवृंदावन पांढरंशुभ्र. मागच्या गोठ्याचे खांबसुद्धा नुकतेच रंगवलेले. भर पावसाळ्यातही हा मठ चंद्रासारखा चमकतो, असं भक्त कौतुकाने सांगत. दर गुरुवारी घंगाळभर चुना विरून उरत असेल, तर तो माणूस दुसरं करणार तरी काय?

उठताना तिने एका शिष्याकडे चिमूटभर भस्म मागितलं. तो मागे सरकला आणि म्हणाला की भस्माला फार कडक सोवळं असतं, कुणी हात लावायचा नाही. त्याच्या बोटांवर जुन्या फोडांचे डाग होते.

खाडीकाठी शिंपले भाजून चुना करायच्या भट्ट्या होत्या. तिथून सुहासिनीने ताजी, पाणी न लागलेली चुनकळी आणली आणि शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत घंगाळाच्या जागी घमेलं घेऊन बसली. पहिल्या खेपेला तांदूळ टणक राहिले. दुसऱ्या खेपेला पाणी जास्त झालं आणि उकळी येण्याआधीच सगळं निवलं. शिवाय एक खडा उडून मनगटावर मोठा फोड आला. मग तिच्या लक्षात आलं की महाराजांचे तांदूळ बारीक असतात आणि आधीपासून भिजवलेले असतात. तसे भिजवून घेतल्यावर भात शिजला. तिने एक शीत चेपून पाहिलं, मऊ होतं, आणि ते हातात घेऊन ती तशीच बाकावर बसून राहिली. इतक्या साध्या गोष्टीने माणिकचा जीव घेतला होता.

अण्णांचं म्हणणं होतं की आता मठात जाऊन सगळ्यांसमोर सांगावं. सुहासिनीने नाही म्हटलं. मठात महाराजांची माणसं होती. त्यांनी तिला बाहेर काढलं असतं आणि पुढच्या गुरुवारी महाराजांनी तिच्यावरच प्रवचन केलं असतं. तिला सगळं बोरिवली हवं होतं, आणि ते एकत्र जमायची वेळ जवळ आली होती.

रेशनिंग नुकतंच उठलं होतं. लढाईच्या दिवसांपासून मोजून मापून मिळणारा तांदूळ आता उघड्या बाजारात विकता येत होता, घरात साठवता येत होता, पाहुण्यांना पोटभर वाढता येत होता. त्या आनंदात गावकऱ्यांनी माघात अन्नधान्याची मिरवणूक काढायचं ठरवलं. गावोगावच्या बैलगाड्या आपापलं पीक मिरवत वझिऱ्याहून निघणार आणि स्टेशनाजवळच्या मैदानात येणार. तिथे प्रत्येक गाडी मांडवासमोर थांबणार. शेवटची गाडी निरग्नी महाराजांची. ते सगळ्या गावांच्या तांदळाचा भात अग्नीविना शिजवणार आणि तो प्रसाद साऱ्यांना मिळणार. मिरवणूक समितीचा चिटणीस होता मार्तंड.

माणिकच्या तेराव्यानंतर सुहासिनी त्याच्याशी बोलली नव्हती. ती त्याच्या वाडीवर गेली तेव्हा तो वांग्यांच्या वाफ्यात उभा होता, आणि तिला पाहून हातातली टोपली तशीच खाली ठेवून आला. तिने सांगितलं, शाळेचीही एक गाडी असावी, आणि ती महाराजांच्या लगेच पुढे असावी.

"माझ्या मुलींना महाराजांच्या पुढे चालायचंय, मार्तंडराव."

मार्तंडच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मला वाटलं होतं तुम्ही आता आमचं तोंडही पाहणार नाही," तो म्हणाला. त्याने लगेच आपली सर्वांत चांगली बैलजोडी शाळेच्या गाडीला देऊ केली. सुहासिनीने ती घेतली. त्याला वाटलं तिने क्षमा केली. तिने त्याला तसं वाटू दिलं, आणि घरी परतताना तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

मिरवणुकीच्या सकाळी वझिऱ्याच्या रस्त्याला जत्रेचं रूप आलं. शिंपोलीकरांनी गाडीवर भाताच्या पेंढ्यांची कमान केली होती. एक्सरच्या बायकांनी वालपापडीच्या आणि मिरच्यांच्या माळा बैलांच्या शिंगांना गुंडाळल्या होत्या. एका गाडीत नुसते पांढरे कांदे, एकीत मुळ्यांचा ढीग आणि त्यावर बसून मुळाच चावणारी तीन पोरं. गोराईच्या कोळणींनी सुक्या बोंबलांची तोरणं बांधली होती, आणि त्यांच्या मागे चालायला कारकून मंडळी नाकाला रुमाल लावून कुरकुरत होती. ढोल, लेझीम, तुतारी, सगळं होतं. सर्वांत मागे महाराजांची गाडी, केळीच्या खुंटांनी सजवलेली. गाडीवर घंगाळ, घंगाळामागे महाराज, महाराजांच्या मागे छत्र धरून मार्तंड.

त्या गाडीच्या चाकापाशी सगुणा उभी होती. सगुणा गोराईची कोळीण, सुहासिनीच्या घरी मासे घालायची. आज तिच्या डोक्यावर पाटी नव्हती, खांद्यावर मुलगी होती. चार-पाच वर्षांची पोर, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ सुकलेले. सुहासिनीने तिच्या कपाळाला हात लावला आणि तो चटकन मागे घेतला.

किती दिवसांचा ताप, डॉक्टरांना दाखवलं का, असं तिने विचारलं. सगुणा म्हणाली की आठवडा होत आला, आणि डॉक्टरचं औषध आणलंय, पण ते आजपासून थांबवलंय. महाराजांनी सांगितलंय ना. आज सगळ्या गावांचा भात आहे, आज प्रसाद मिळाला की पोर उठेल.

"सगुणा, तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

"परसाद घेते न मंग नेते, बाई," सगुणा म्हणाली. "एवढ्या लांबून आलीय."

सुहासिनी शाळेच्या गाडीकडे परत गेली. आतापर्यंत तिला फक्त जिंकायचं होतं. आता भात वाटला जाण्याच्या आधी जिंकायचं होतं.

मैदानात माणसांचा समुद्र होता. मांडवात पाहुणे बसले होते, कौलांवर पोरं चढली होती. एकेक गाडी मांडवासमोर थांबून पुढे जात होती. शाळेची गाडी थांबली तेव्हा लोकांना वाटलं की मुली गाणं म्हणतील. सुहासिनी गाडीवर उभी राहिली. तिच्यासमोर मोठं घमेलं होतं, त्यात पातेलं, पातेल्यात तांदूळ, भोवती पांढरे खडे. तिने एक शब्द न बोलता खड्यांवर तांब्याभर पाणी ओतलं.

सूं असा आवाज झाला. खडे तडकले. वाफ उठली आणि वाऱ्याने पहिल्या रांगांवर गेली. आधी कुजबुज सुरू झाली, मग कोणीतरी मोठ्याने म्हणालं की बाईंनाही सिद्धी मिळालीय. एक म्हातारी पुढे आली आणि गाडीच्या दांडीवर डोकं टेकवून तिने सुहासिनीच्या पायांवर जास्वंद ठेवली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. मुलींना हसू आवरेना. मागच्या गाडीवर महाराजांचा चेहरा विटकरीसारखा झाला होता, आणि सुहासिनी तो चेहरा मनसोक्त पाहत उभी होती. पातेल्यात भात खदखदेपर्यंत तिने लोकांना हात जोडू दिले.

मग तिने चिमट्याने एक कोरडा खडा उचलला.

"मला सिद्धी मिळालेली नाही," ती वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाली. "ही चुनकळी आहे. खाडीकाठच्या भट्टीत शिंपले भाजून करतात. भट्टीत आपण तिला जी आग देतो, तीच ती पाणी पडलं की परत देते. तुमच्या घरी दिवाळीच्या आधी पिंपात चुना उकळताना तुम्ही पाहिला नाही का? त्यात पातेलं ठेवलं तर भात शिजेल. माझ्या मुली शिजवतात. तुम्हीही शिजवाल." तिने मागच्या गाडीकडे बोट केलं. "हे महाराज तेच करतात. फक्त ते तुम्हाला सांगत नाहीत."

महाराज कच्च्या दमाचे नव्हते. ते मंद हसले.

"लेकीने चुना जाळला," ते म्हणाले. "आमचं हे भस्म. ह्याला अग्नीचा स्पर्श नाही. चंदनासारखं शीतल."

"मग मूठभर हातात घ्या आणि वरून तुमचंच तीर्थ ओता."

"आज भस्म हाती घेण्याचा योग नाही, बाळ."

कुठूनतरी एक हसू फुटलं. कौलांवरची पोरं ओरडली की महाराजांनी चुना लावला, आणि ते वाक्य मैदानभर पसरलं. लोक हसायला लागले तसा मार्तंड पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने छत्र खाली ठेवलं.

"महाराज, मी घेतो," तो म्हणाला. "ह्यांना दिसू दे."

महाराजांनी त्याचा हात धरायचा प्रयत्न केला. महाराजांना माहीत होतं. मार्तंडला मात्र माहीत नव्हतं. त्याने घंगाळातून मूठभर खडे उचलले आणि दुसऱ्या हाताने त्यांवर कमंडलू ओतला. क्षणभर काहीच झालं नाही. त्याने सुहासिनीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत जिंकल्याचा आनंद होता. मग त्याच्या बोटांमधून वाफ यायला लागली.

त्याने मूठ उघडली नाही. ओठ आवळले, कपाळावरची शीर फुगली, पण मूठ मिटलेलीच. सुहासिनीला कारण कळलं. मूठ उघडली असती तर आपण माणिकला काय भरवलं ते त्याला कबूल करावं लागलं असतं. हा माणूस जळावा असं तिने किती रात्री मनात म्हटलं होतं. आता तो तिच्यासमोर जळत होता आणि ती उभी होती. ती किती वेळ उभी राहिली ते नंतर तिला सांगता आलं नसतं. पण लगेच धावली नाही, हे तिने कधी लपवलं नाही.

मग ती उडी मारून त्या गाडीवर चढली, त्याची बोटं एकेक करून उघडली, पदराने खडे झटकले आणि मुलींनी पुढे केलेलं घागरभर पाणी त्याच्या हातावर ओतत राहिली. तळहाताची कातडी पांढरी पडून सुटली होती. मार्तंड ओरडला नाही. तो गाडीच्या काठावर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "मी भरवला, ताई," एवढंच तो म्हणत होता. "मी माझ्या हाताने भरवला."

हे पाहून मैदान उसळलं. जे सकाळी महाराजांच्या गाडीचा धुरळा कपाळाला लावत होते, तेच आता गाडीवर चढले. महाराजांची जटा ओढली गेली आणि ती एकाच्या हातात निघून आली. दोघांनी त्यांचे दंड धरले, तिसऱ्याने मनगट पकडून घंगाळावर नेलं, चौथ्याने पाण्याची कळशी उचलली. घाला हात, असं सगळीकडून ऐकू येत होतं. महाराज आता महाराज राहिले नव्हते. एक जाडा, टकला माणूस किंचाळत होता की नको, सगळा हात जाईल.

सुहासिनीच्या मनात आलं, जाऊ दे. अगदी स्पष्ट आलं. मग ती म्हणाली,

"सोडा त्याला."

कोणी सोडलं नाही. ती दोघांच्या मध्ये घुसली.

"दया म्हणून सांगत नाही. आज त्याचा हात जाळलात तर उद्या तो दुसऱ्या गावात जाईल आणि सांगेल की मी लोकांसाठी अग्नी अंगावर घेतला. त्या थोट्या हाताची पूजा होईल. त्याचा हात शाबूत राहू दे. मला त्याचं तोंड हवंय."

तिने त्याला गाडीवर उभं केलं आणि प्रश्न विचारले. वर्गात उनाड मुलाला विचारावेत तसे, एकामागून एक. चुनकळी कुठून येते? तांदूळ किती आधी भिजवतोस? पाणी कधी ओततोस? हात का लावू देत नाहीस? तो पुटपुटला की ती मोठ्याने सांगायला लावायची. मैदान ऐकत होतं. शिष्यांपैकी बोटांवर डाग असलेला तो मुलगा न विचारताच मध्ये बोलला, की मठातल्या भिंती आम्हीच रंगवतो, उरलेल्या चुन्याने. ह्यावर पुन्हा हशा झाला, पण थोडाच.

कारण सगुणा गर्दीतून वाट काढत पुढे आली होती. मुलगी खांद्यावर तशीच.

"मना येवढाच सांग," ती त्या माणसाला म्हणाली. "ह्या भातानं माझी पोर बरी व्हनार व्हती का?"

त्याने सुहासिनीकडे पाहिलं, मग लोकांकडे, मग खाली.

"बोल," सुहासिनी म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "भात तो भातच."

सगुणाने त्याच्यावर हात उगारला नाही. ती वळली आणि चालू लागली. सुहासिनीने शाळेच्या गाडीवरून भाताचं पातेलं, घमेलं, खडे सगळं खाली उतरवायला लावलं, सगुणाला मुलीसकट वर बसवलं, मार्तंडलाही बसवलं, आणि त्याचीच बैलजोडी पिटाळत गाडी दवाखान्याला नेली. मिरवणूक तिथेच मोडली. पोलिसांनी त्या टकल्या माणसाला लोकांच्या हातून सोडवून चौकीत नेलं. काही दिवसांनी तो तिथून सुटला आणि बोरिवलीत परत दिसला नाही. दुसरीकडे कुठे तो अग्नीला सुट्टी देत असेलही.

सुहासिनीला बरं वाटलं का? वाटलं. जटा निघून आली तो क्षण ती पुढे कित्येक वर्षं आठवायची आणि दर वेळी तिला बरंच वाटायचं.

हात जरा बरा झाल्यावर मार्तंड अण्णांच्या घरी आला. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ओटीच्या पायरीवर बसला. अण्णांनी त्याला पाणी दिलं. सुहासिनीने त्याला आत बोलावलं नाही.

"ताई, मला काय ती शिक्षा सांगा," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल ते करीन."

"मी तुम्हाला क्षमा करणार नाही," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी येत असाल तर येऊ नका. पण तुम्ही प्रसाद कोणाकोणाच्या घरी पोचवलात ते तुम्हाला माहीत आहे. त्या प्रत्येक घरी जा. हा हात दाखवा. माणिक कशाने गेली ते सांगा. आजारी माणूस असेल तर त्याला दवाखान्यात नेईपर्यंत तिथून उठू नका."

मार्तंड गेला. लोकांनी त्याला काही घरांतून हाकलून दिलं, काहींनी ऐकून घेतलं. शिंपोलीच्या एका घरात महिनाभर खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याला त्याने पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं अण्णांनी बाजारात ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. सुहासिनीने ऐकलं आणि वह्या तपासत राहिली.

सगुणाची मुलगी वाचली. तिलाही माणिकसारखाच ताप होता, त्याच कॅप्सूल होत्या, आणि ह्या वेळी त्या पुऱ्या घेतल्या गेल्या. मुलगी चालायला लागल्यावर सगुणा तिला घेऊन सुहासिनीकडे आली. हातात नारळ, हळदकुंकू आणि फुलं. दारातच तिने खाली वाकून सुहासिनीचे पाय धरले.

"बाई, तुमच्या हाताला देव हाय," ती म्हणाली. "तुमी हात लावला न माझी पोर उठली."

सुहासिनीने तिला दंडाला धरून उठवलं. तिला एकदम खूप थकल्यासारखं वाटलं. एक महाराज खाली उतरवला तर लोक त्याच चौरंगावर तिला बसवायला निघाले होते.

"सगुणा, मी फक्त गाडी हाकली. मुलगी औषधाने बरी झाली."

"मंग अवषदात देव हाय."

"देव असेल नसेल, ते तुझं तू बघ. पण औषधात औषध आहे. कोणी तुला काहीही देऊ दे, मी देऊ दे, डॉक्टर देऊ दे, नाहीतर कोणी जटावाला देऊ दे, हे कशाने होतं एवढं विचारायचं. जो समजावून सांगेल त्याचं ऐकायचं. जो विचारू नको म्हणेल, त्याच्या दारातून उठून यायचं. एवढं विचारलं असतं तर माझी बहीण आज असती."

सगुणाने नारळ ओटीवर ठेवला. मुलगी ओटीच्या खांबाभोवती गोल फिरत होती.

"बरा," सगुणा म्हणाली. "मंग सांगा, त्या गोलीनं ताप कसा उतरला?"

सुहासिनीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. रोगजंतू, आतडं, जखमा, एवढं तिला ठाऊक होतं. पण ती कॅप्सूल आत जाऊन नेमकं काय करते, हे तिलाही नीट माहीत नव्हतं.

"मला पूर्ण माहीत नाही," ती म्हणाली. पायांत चपला सरकवल्या आणि मुलीचं बोट धरलं. "चल, डॉक्टरांना विचारू."